सुरू होते आणि बंद पडते

जानेवारी २०२३ मध्ये आमची गाडी नऊ दिवस बिघडली होती. सेल्फ मारला की लगेच सुरू व्हायची, चार-पाच सेकंद चालायची आणि बंद पडायची. पुन्हा सेल्फ मारला की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. जी गाडी सुरूच होत नाही तिच्याबद्दल माणूस लवकर निर्णय घेतो. ढकलतो, ओढून नेतो, मोकळा होतो. ही मात्र दर वेळी वाटायला लावायची की आता झाले, आता चालेल. त्या नऊ दिवसांत आमचे जे पैसे गेले ते पुढे भरून आले. जे भरून आले नाही, त्यासाठी हे लिहीत आहोत.

'आमची' म्हणजे तिघांची. आम्ही तिघे दिग्रसला राहतो आणि तिथून अठ्ठावीस किलोमीटरवरच्या एका गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एक विज्ञानाचे सर, एक उर्दू शिकवणाऱ्या आपा आणि तिसरा मराठी शिकवणारा. तिघांचेही बी.एड. झालेले, तिघांचीही घरे भाड्याची. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. कोरोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. दीड वर्ष घरी बसलेली मुले अक्षरे विसरून आली होती, आणि त्यांना शिकवणारे आम्ही रस्त्यावर काळीपिवळीची वाट पाहत उभे होतो. शेवटी तिघांनी मिळून बासष्ट हजारांत एक जुनी मारुती ८०० घेतली. २००९ ची, एमएच २९ पासिंगची, पांढरी. १९८३ मध्ये देशात आलेली आणि २०१४ मध्ये बनायची थांबलेली ही गाडी आमच्या भागात अजून कितीतरी घरांपुढे उभी दिसते. तिचे सामान मिळते आणि कोणत्याही मिस्त्रीला ती खोलता येते.

गाडी आली तशा दोन सवाऱ्याही आल्या. आमच्या रस्त्यात एक फाटा लागतो. तिथून आत दोन किलोमीटरवर लहानशी वस्ती आहे. तिथल्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत. तिथल्या दोन मुली तेव्हा आमच्या शाळेत आठवीत होत्या. काळीपिवळीत कोंबून मुलींना पाठवायला घरचे तयार नव्हते. गाडीत आपा असतात हे कळल्यावर तयार झाले. त्या दिवसापासून दोघी सकाळी साडेनऊला फाट्यावर उभ्या असायच्या. मागच्या सीटवर मध्ये आपा आणि दोन्हीकडे त्या दोघी. संप मिटला, एसटी पुन्हा धावू लागली, पण ही व्यवस्था तशीच राहिली. म्हणजे आमची गाडी बंद पडली की त्या दोघींची शाळा बंद पडत होती. हे आम्हाला माहीत होते, पण त्याचे वजन किती हे माहीत नव्हते.

आता कापसाचे सांगायला हवे. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा भाव ओलांडला होता. पुढच्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६३८० रुपये होता. बाजारात त्याहून जास्त मिळत होते, पण शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षीचे दहा हजार होते. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यात त्या हिवाळ्यात घरोघरी कापूस साठवलेला होता. बैठकीत कापूस, माडीवर कापूस. घरात मुलांच्या अंगाला खाज सुटायची, तरी कापूस हलत नव्हता. आम्ही ज्यांच्या शेडमध्ये गाडी ठेवतो ते घरमालक शेतकरीच. त्यांचे पत्र्याचे शेड आढ्यापर्यंत भरले होते. मध्ये आमच्या गाडीपुरती जागा त्यांनी मेहेरबानीने सोडली होती. त्यातच आम्हा तिघांचे प्रशिक्षण निघाले. चार दिवस आम्ही यवतमाळला जाऊन-येऊन होतो, एसटीने. गाडी शेडमध्ये उभी राहिली. पाचव्या दिवशी सकाळी सेल्फ मारला आणि वर सांगितले ते सुरू झाले.

आम्ही तिघे शिकलेले. शिकलेल्या माणसाला कारण माहीत नसले तरी मत असते. सरांचे मत पडले, बॅटरी उतरली. थंडीचे दिवस आहेत, चार दिवस गाडी उभी होती, तर्क बरोबर वाटला. नवी बॅटरी घातली. सेल्फ पूर्वीपेक्षा जोरात फिरू लागला, गाडी झटकन सुरू झाली आणि चार सेकंदांनी बंद पडली. जी बॅटरी इंजिन फिरवून सुरू करू शकते तिने आपले मोठे काम केलेले असते, हे आम्हाला तेव्हा सुचले नाही. मग बसस्टँडजवळचा एक तरुण मेकॅनिक आला. त्याने तिन्ही प्लग काढले. काजळी धरून काळे झाले होते, पेट्रोलचा वास येत होता. आम्ही तिघे एकदम म्हणालो, "बघा, प्लग खराब." प्लग बदलले. दोन दिवसांत तेही काळे. मग मराठी शिकवणाऱ्याचे मत पुढे आले की पेट्रोल पोहोचत नसणार. फिल्टर बदलला. तरी तेच. तेव्हा आम्हीच म्हणालो, पंप बदलून टाका. टाकीतला पंप काढून नवा बसवला. साडेआठ हजार रुपये गेले आणि गाडी पहिल्या दिवशी जितके सेकंद चालत होती तितकेच सेकंद चालत राहिली. त्या तरुणाला दोष देणार नाही. तो एक-दोनदा म्हणाला होता, "सर, जरा बघू द्या." आम्हाला शाळेची घाई होती. आम्ही त्याला बघू दिले नाही, बदलायला लावले.

घरमालकांच्या आईने बोनेटला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. आपा रोजच दुआ पढून गाडीत बसतात. त्या म्हणाल्या, "दुआ तो है, अब कोई देखनेवाला भी चाहिए."

असा देखनेवाला आर्णीच्या रस्त्याला राहत होता. एसटीच्या आगारात बत्तीस वर्षे इंजिने खोलून निवृत्त झालेले मिस्त्री चाचा. आता दुकान नव्हते, डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, फक्त ओळखीपाळखीचे काम करायचे. नवव्या दिवशी, रविवारी, आम्ही त्यांना घेऊन आलो. ते हातात पान्हा न घेता आले. शेडच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि विचारले, "कितने सेकंड चलती?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. "थोडा वेळ चलती," सर म्हणाले.

"थोडा वेळ म्हणजे? गिना नहीं? मास्टर लोग ना तुम?"

खरेच मोजले नव्हते. सरांच्या प्रयोगशाळेत स्टॉपवॉच होते. लंबकाची आंदोलने मोजायला आम्ही ते मुलांना देतो. नऊ दिवस रोज वीस-पंचवीस वेळा आम्ही त्या गाडीला सेल्फ मारला आणि एकदाही सेकंद मोजले नाहीत. मोजले तेव्हा निघाले पाच. दर वेळी पाच, कधी साडेचार.

मग चाचांनी एकामागून एक प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाच्या मागे काय होते ते त्यांनी नंतर चहा पिताना समजावले. ते इथे क्रमाने देतो, कारण आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या दारात जुनी गाडी असेल.

पहिला प्रश्न, चावी सोडताच बंद पडते की सोडल्यावर काही वेळाने? चावी सेल्फवरून मागे येताच त्याच क्षणी इंजिन मेले तर संशय चावीच्या स्विचवर किंवा रिलेवर. सेल्फच्या जागी करंट मिळतो, चालूच्या जागी मिळत नाही. आमची पाच सेकंद चालत होती, म्हणजे हे नाही.

दुसरा, समोर मीटरमध्ये चावीचा दिवा लुकलुकतो का? ज्या गाड्यांच्या चावीत चिप असते, तिथे गाडीने चावी ओळखली नाही तर इंजिन एक-दोन सेकंदांत आपणच बंद होते. ती चोरापासूनची सोय आहे, बिघाड नव्हे. तिथे इंजिन खोलून काही सापडत नाही. आमच्याकडे असा दिवा नव्हता.

तिसरा, चावी चालू केली, सेल्फ मारला नाही, तर मागच्या बाजूला टाकीपाशी दोन-तीन सेकंद 'घूं' असा आवाज येतो का? तो पंपाचा आवाज. पंप आधी नळीत पेट्रोलचा दाब भरतो, थांबतो आणि इंजिन फिरू लागले की पुन्हा चालतो. आवाज येतच नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहायचे, पंप शेवटी. जुना पंप आम्ही पिशवीत घालून ठेवला होता. चाचांनी त्याला बॅटरीची तार लावली. तो मजेत फिरला.

चौथा, सुरू झाल्याबरोबर एक्सलेटर दाबला तर जगते की लवकर मरते? दाबून धरल्यावर जगत असेल आणि सोडल्यावर मरत असेल तर स्लोचा रस्ता बंद असतो. थ्रॉटलला कार्बन धरलेला, किंवा स्लोचा व्हॉल्व्ह अडकलेला, किंवा हवेची एखादी बारीक नळी निघालेली. दाबल्यावर आणखी लवकर मरत असेल तर इंजिन उपाशी तरी आहे किंवा गुदमरते तरी आहे. आमची दाबल्यावर लवकर मरायची. हे आम्ही पाहिले होते. पाहिले होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. उलट ती मरू लागली की आम्ही आणखी जोरात दाबत होतो.

पाचवा, प्लग कसे निघाले? सरांनी अभिमानाने जुने तिन्ही प्लग दाखवले. चाचांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "इनको सजा दी तुमने? ये तो गवाह है."

हे वाक्य आमच्या मनात राहिले. उपाशी इंजिनाचे प्लग कोरडे, पांढरट निघतात. काळी काजळी म्हणजे पेट्रोल येते आहे, ठिणगी पडते आहे, पण जाळायला हवा पुरत नाही. प्लग खराब नव्हते. आत काय चालले आहे ते प्लग सांगत होते, आणि आम्ही सांगणाऱ्यालाच बदलून टाकले होते.

चाचा उठले. बोनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडे जाणारी जाड काळी नळी त्यांनी ढिली करून बाजूला केली. "मारो सेल्फ." सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. पाच सेकंद झाले. दहा झाले. सर घड्याळ पाहत मोठ्याने मोजत होते. चाळीसपर्यंत मोजून ते थांबले, गाडी थांबली नाही.

चाचांनी खुणेने बंद करायला सांगितले. ही नळी काढून गाडी चालवायची नसते, धूळ आत जाते आणि इंजिन खाते. हे फक्त तपासण्यापुरते. मग त्यांनी डब्याच्या क्लिपा काढल्या, झाकण उचलले. आत कापूस होता. साधा विखुरलेला नव्हे. दाबून बसवलेला, गोल, पक्षाच्या घरट्यासारखा, सरकीच्या टरफलांसह. फिल्टरवरही तो आणि हवा आत येण्याच्या तोंडातही तो. उंदराने चार दिवसांत चांगले घर बांधले होते. बाजूला अख्खे शेड भरून कापूस, त्याला दूर जावेच लागले नसेल. सगळा मिळून ओंजळभरही नसेल. चाचांनी तो हाताने काढला, फिल्टर झटकला, नळी लावली. गाडी सुरू झाली आणि चालू राहिली.

मग सुरू तरी का होत होती? हे सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर मांडले. पेट्रोलच्या इंजिनाला एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबाने एका लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. आपण पंपावर पेट्रोल मोजून घेतो, त्याचे पैसे देतो, म्हणून गाडी पेट्रोलवर चालते असे म्हणतो. प्रत्यक्षात ती वजनाने पंधरा पट हवा खाते. हवेचे पैसे द्यावे लागत नाहीत म्हणून ती आपल्या लक्षात येत नाही. सेल्फ मारताना नळीत आणि इंजिनात आधीच असलेली हवा असते, तेवढ्यावर पहिला पेट घेतला जातो. इंजिन वेगाने फिरू लागले की मागणी वाढते आणि कापसातून झिरपणारी हवा पुरत नाही. पाच सेकंद म्हणजे ती शिल्लक हवा संपायचा वेळ.

चाचांनी निघताना आणखी एक सांगितले. एसटीच्या डिझेल इंजिनातही हाच रोग दिसतो, पण कारण उलटे. तिथे डिझेलच्या नळीत हवा शिरते, गाडी सुरू होऊन बंद पडते, आणि ती हवा काढावी लागते. "एक में हवा नहीं तो मरती, एक में हवा घुसी तो मरती. बीमारी का नाम एक, दवा अलग." अलीकडे पुन्हा भेटले तेव्हा त्यांच्या प्रश्नांत एक भर पडली होती. आता पंपावर मिळते ते पेट्रोल वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल ओलावा ओढून घेते. जुनी गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचू शकते. म्हणून ते आता विचारतात, गाडी किती महिने उभी होती?

गाडी रविवारी दुरुस्त झाली. सोमवारी आम्ही फाट्यावर थांबलो. एकच मुलगी उभी होती.

दुसरी आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही वस्तीवर गेलो. तिची आई शेवटच्या वेचणीला जात होती, घरी धाकटी बहीण आणि रांगता भाऊ. नऊ दिवस मुलगी घरी होती तेव्हा तिने स्वयंपाक केला, भावाला सांभाळले, आई निर्धास्त शेतात गेली. नऊ दिवसांत घराला तिची सवय झाली. वडील वाईट माणूस नव्हते. खाटेवर बसवले, चहा दिला, म्हणाले, "मास्टर साब, नौवीं तक तो आ गई ना. गाडी का क्या भरोसा, आज है, कल नहीं." आपा आत जाऊन आईशी बोलल्या. मुलगी दाराआड उभी होती, काही बोलली नाही. पुढच्या महिनाभरात आम्ही आणखी तीनदा गेलो. चहा प्रत्येक वेळी मिळाला.

त्या घरी इतर कारणेही होती, हे आम्ही जाणतो. गरिबी होती, वेचणी होती. पण ती कारणे आठवीतही होती आणि तरी ती येत होती. त्या नऊ दिवसांतले आठ दिवस आम्ही न पाहता, न मोजता, मताप्रमाणे सुटे भाग बदलत होतो. चाचांना पहिल्याच दिवशी आणले असते तर एक दिवस गेला असता. एका दिवसाची कुठल्या घराला सवय होत नाही.

जी परत आली तिच्याबद्दल आता सांगतो. फेब्रुवारीत घटक चाचणी झाली. मराठीचे पेपर तपासताना तिचा पेपर हाती आला. आमच्यापैकी एक मराठी शिकवतो, तोच हे लिहीत आहे. पण गाडी तिघांची, तसा दोषही वाटून घ्यायचा असे आमचे ठरले आहे, म्हणून इथेही 'आम्ही'च म्हणतो. त्या मुलीच्या प्रत्येक उत्तराचे पहिले वाक्य बरोबर होते. शुद्ध, वळणदार अक्षरात. दुसऱ्या वाक्याच्या अर्ध्यावर ते थांबलेले. पुढे कोरे. पाचही उत्तरे तशीच. आधीचे पेपर काढून पाहिले, तेही तसेच. प्रत्येकाखाली आमच्या लाल शाईत लिहिले होते, 'अभ्यास कमी.' आम्ही तिला काय काय केले होते? पहिल्या बाकावर बसवले, जास्तीच्या नोट्स दिल्या, वडिलांना बोलावले, दोनदा वर्गासमोर रागावलो. रागावल्यावर ती आणखी लवकर थांबायची.

तो कोरा कागद समोर होता आणि चाचांचे वाक्य आठवले. ये तो गवाह है.

दुसऱ्या दिवशी गाडीत तिला म्हणालो, वही नको, पुस्तक नको, आपली गाडी कशी दुरुस्त झाली ते मराठीत सांग. ती आधी हसली. आपांनी कोपराने ढोसले. मग बोलू लागली. "चाचानं पाइप काढला तं गाडी चालू झाली. डब्ब्यातून कापूस निंगाला. उंदरानं घर केलं होतं. सर लोकायनं बॅटरी बदलली, पंप बदलला, पण आत कोणी पाह्यलंच नाही. आमचे नऊ दिवस गेले." फाट्यापासून पुढच्या गावापर्यंत ती थांबली नाही.

हे मराठी ती कुठे शिकली? शेतात, वेचणीला आलेल्या बायांकडून, वस्तीवरच्या मैत्रिणींकडून. वऱ्हाडी बोली तिच्या तोंडात लहानपणापासून होती. वर्गात मात्र आम्ही ती कधी येऊच दिली नव्हती. सहावीत तिने 'निंगाला' लिहिले असेल तर आम्ही लाल रेघ मारून 'निघाला' केले असेल. उत्तरे आम्ही सांगायची, मुलांनी उतरवायची, पाठ करायची. उर्दू शाळेत मराठी पूर्वीपासून शिकवली जाते. २०२० च्या कायद्याने ती सर्वच माध्यमांच्या शाळांत सक्तीची झाली. पुस्तक आहे, तास आहे, शिक्षक आहे, परीक्षा आहे. पण आमच्या त्या तासाला पस्तीस मुलांपैकी एकही मूल मराठीत बोलत नव्हते. पाठ केलेले पहिले वाक्य म्हणजे शिल्लक हवा. ती संपली की ती थांबत होती. कापूस आमचा होता, आणि त्यात उंदराचा काही दोष नव्हता.

त्यानंतर आम्ही फार मोठे काही केले नाही. मराठीच्या तासाला पहिली दहा मिनिटे वही बंद ठेवायची आणि मुलांनी जे पाहिले ते सांगायचे, जशी येईल तशी मराठी. चुका नंतर, आणि लाल शाईने नाही. काही दिवस वर्गात नुसता गोंगाट झाला. मुख्याध्यापकांनी एकदा येऊन विचारले की पाठ्यक्रम कधी संपणार. तो संपला. ती मुलगी मार्च २०२४ मध्ये दहावी पास झाली. मराठीत अठ्ठावन्न गुण. ही काही पेढे वाटण्याची संख्या नव्हे, पण पेपरात कोरी जागा नव्हती हे तिने स्वतः सांगितले. आता ती दिग्रसला कॉलेजात आहे.

गाडी अजून आहे. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षे झाली, पुन्हा पासिंग करून पाच वर्षे वाढवून घेतली. शेडमध्ये यंदाही कापूस आहे, पण आम्ही ती बाहेर निंबाखाली ठेवतो. दर शुक्रवारी नमाजनंतर एअर फिल्टरच्या क्लिपा काढून आत पाहतो. दोन मिनिटांचे काम आहे. बोनेटच्या आत सरांनी एक कागद चिकटवला आहे. त्यावर चाचांचे पाच प्रश्न आहेत, आणि सगळ्यात वर लिहिले आहे, 'आधी मोजा.'

जी आली नाही तिची धाकटी बहीण गेल्या वर्षी चौथी पास झाली. यंदा पाचवीला आमच्या शाळेत आहे. सकाळी साडेनऊला फाट्यावर उभी असते. तिला सोडायला मोठी बहीण दोन किलोमीटर चालत येते, दप्तर तिच्याच खांद्यावर असते. धाकटी मागे आपांजवळ बसली की ती खिडकीशी वाकून दप्तर आत देते आणि रोज एकच विचारते, "गाडी बराबर चलती ना, सर?"

आम्ही हो म्हणतो. ती रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि आमची गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहत असते.